कशावरून म्हणणाऱ्या प्रमिलाबाई

कल्पना करा, तुम्ही नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवता. खिडकीबाहेर शाळेच्या मैदानावर एक म्हातारा माणूस तळहातावर नारळ आडवा धरून हळूहळू चालतोय. नारळ जिथे उभा राहील तिथे जमिनीखाली पाणी आहे असं तो सांगणार, आणि तिथेच शाळेची बोअर होणार. हा माणूस लबाड नाही. तो पैसे घेत नाही. चहा घेतो आणि नारळ घरी नेतो, बस. पैसे घेतले तर हातातली विद्या जाते अशी त्याची खात्री आहे. गावातल्या बहुतेक केळीबागांचं पाणी त्यानेच दाखवलेलं, तुमच्या सासऱ्यांच्या विहिरीचंसुद्धा. वर्गातली पोरं खिडकीला लटकून त्याच्याकडे बघताहेत. आणि फळ्यावर तुम्ही आत्ताच लिहिलंय: निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष.

तुम्ही काय कराल? खिडकी लावून धडा पुढे न्याल, की पोरांना घेऊन मैदानावर जाल?

बहुतेक शिक्षक खिडकी लावतात. धडा पुरा होतो, परीक्षेत प्रश्न येतो, वैज्ञानिक पद्धतीच्या पायऱ्या लिहून मुलं गुण मिळवतात आणि घरी जाऊन बोअरसाठी नारळवाल्याला बोलावतात. यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. प्रमिलाबाई नेहेते यांना वाटायचं. म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला.

ही १९९१च्या फेब्रुवारीतली गोष्ट. यावल-फैजपूर रस्त्यावरचं गाव, चहूकडे केळी. बाई त्याच गावच्या सून. बीएस्सी, बीएड करून गावच्याच संस्थेच्या शाळेत लागल्या आणि नवव्या-दहाव्या वर्गाला विज्ञान शिकवू लागल्या. त्यांची एक सवय होती. मुलाने बरोबर उत्तर दिलं तरी त्या शाबासकी देत नसत, ‘कशावरून?’ म्हणून विचारत. पृथ्वी गोल आहे. कशावरून? पानं अन्न तयार करतात. कशावरून? पुस्तकात लिहिलंय म्हणून, असं कोणी म्हटलं की त्या म्हणत, मग पुस्तकाला विचार, त्याला कोणी सांगितलं. पोरं त्यांना पाठीमागे ‘कशावरूनबाई’ म्हणत. वर्गात गाईड आणायला बंदी होती. कोणी आणलंच तर बाई ते घेऊन त्यातली चुकीची उत्तरं शोधायला लावत आणि शोधून झाली की परत देत. त्यामुळे गाईडचा धाक गेला आणि खपही घटला. पालक मात्र तक्रार करत, की बाजूच्या गावात पोरं फटाफट उत्तरं म्हणतात, आमची नुसती डोकं खाजवत बसतात. मुख्याध्यापक बाईंना समजावत, बाई, बोर्डाच्या पेपरात ‘कशावरून’ला गुण नाहीत. बाई म्हणत, मग बोर्डाला कळवा.

शाळेत पाणी नव्हतं. मुली दुपारच्या सुटीत घरी जात आणि पुष्कळशा परत येत नसत. बोअरसाठी बाईच वर्षभर संस्थेच्या मागे लागल्या होत्या. अखेर चेअरमन पितांबर नानांनी मनावर घेतलं, गावात वर्गणी झाली, मशीन ठरली. जागा दाखवायला कौतिक आबा आले. मैदानावर नारळ फिरवणारा माणूस तो हाच. आबांचा नारळ कबड्डीसाठी आखलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात उभा राहिला. नानांनी तिथे दगड ठेवून कुंकू लावलं.

बाई मुलांना घेऊन मैदानावर आल्या त्या नानांशी भांडायला नाही. त्यांनी आबांना पाणी दिलं, चहा मागवला आणि विचारलं, आबा, आमच्या पोरांना हे नीट बघायचंय, परत एकदा करून दाखवाल का? पण या वेळी डोळे बांधून. आबा हसले.

“बांधा ना. नारयाले कुठं डोये लागतेत?”

बोअर महिन्याभराने होणार होती. आबा पुढच्या आठवड्यात यायचं कबूल करून गेले. मधल्या दिवसांत बाईंनी मुलांना एक काम दिलं. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या बोअरची नि विहिरीची चौकशी करायची: जागा कोणी दाखवली आणि पाणी लागलं का. फळ्यावर दोन रकाने पाडले. डावीकडे आबांनी दाखवलेल्या जागा, उजवीकडे कोणालाही न विचारता खणलेल्या. डावा रकाना खालपर्यंत भरला. सगळीकडे पाणी लागलेलं. पोरं खूश झाली, आबा जिंकले म्हणाली. उजव्या रकान्यात एकच नाव आलं, नूर महंमद मिस्त्रींचं. ते पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. वाइंडिंगचं दुकान गावाच्या तोंडाशी. त्यांना नारळ फिरवायला जागाच नव्हती. मशीन जिथे घुसू शकली तिथे, दुकानामागच्या बोळात, त्यांनी भोक पाडलं. पाणी त्यांनाही लागलं.

मी स्वतः पंपाच्या कामातला माणूस आहे, डिप्लोमा केलाय, त्यामुळे इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. तापीकाठचा तो पट्टा गाळाचा आहे. खाली वाळू आणि गोटे यांचे जाड थर. त्या काळी पुरेसं खोल गेलं की बहुतेक ठिकाणी पाणी भेटायचं. म्हणजे नारळ कुठेही उभा राहिला असता तरी आबा बरोबरच ठरले असते. पण हे कळायला नारळाशिवाय खणलेल्या विहिरी हव्यात, आणि नारळाशिवाय खणायची कोणाची हिंमत नव्हती. एवढ्या मोठ्या गावात दुसऱ्या रकान्यात एकच नाव, तेही बोळ अरुंद होता म्हणून. बाई पोरांना म्हणाल्या, एका नावावरून काही सिद्ध होत नाही. पण दुसरा रकाना रिकामा का आहे, हा विचार करा.

आठवड्याने आबा आले. बाईंनी दगड उचलून बाजूला ठेवला, खूण म्हणून जमिनीत एक खिळा ठोकला. आबांच्या डोळ्यांवर धुतलेला पंचा बांधला. मुलं त्यांचा हात धरून त्यांना मैदानभर वळणं घेत फिरवत. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याचा ठिपका. नंतर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीनंतर आबांनी पंचा सोडला आणि पाहिलं. ठिपके तीन दिशांना होते. एक तर मुख्याध्यापकांच्या खोलीच्या पायरीला लागून. खिळ्याजवळ एकही नव्हता.

आबांनी नारळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “डोये बांधले का नारय बी आंधयं होते.”

जमलेले लोक खदखदून हसले. सुटका झाल्यासारखे. गोष्ट तिथेच संपली असती. पण नववीतली मुमताज, नूर महंमद मिस्त्रींची मुलगी, पुढे आली. तिने चिडवायला विचारलं नाही, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. तिने वर्गात विचारतात तसं विचारलं.

“पण आबा, तुम्हीच म्हणाले होते नारळाला डोळे लागत नाहीत. मग पाणी कोणाला दिसतं? नारळाला का तुम्हाला?”

हसणं थांबलं. आबांनी नारळ पिशवीत टाकला आणि चहा न घेता निघून गेले.

संध्याकाळी पितांबर नाना बाईंच्या घरी आले. बाईंचे पती रतिलाल केळीचे शेतकरी, नानांच्या भाऊबंदातले. नाना ओसरीवर बसले, आवाज चढवला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. कौतिक आबाने गावासाठी जन्म घातला, एक पैसा घेतला नाही. त्याला शाळेत बोलावून पोरांसमोर डोळे बांधले, इथपर्यंत ठीक. पण एका पोरीने त्याला उलट विचारलं, तेही त्यांच्या पोरीने. ‘त्यांच्या’ म्हणजे कोणाच्या, हे बाईंनी लगेच विचारलं. नानांनी तो प्रश्न ऐकला नाही. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आबाला बोलावतो. पोरीने त्याच्या पाया पडून माफी मागायची. तुम्ही वर्गशिक्षिका आहात, तुम्ही ती मागायला लावायची.

बाई म्हणाल्या, “नाना, तिनं शिवी दिली असती तर मीच कान धरून नेली असती. तिनं प्रश्न विचारला. तो मी शिकवलाय.”

“मग तुम्ही मागा.”

“आबांची मागते. त्यांना वाईट वाटलं असेल तर घरी जाऊन मागते. प्रश्नाची नाही मागणार.”

बाई खरोखर आबांच्या घरी गेल्या. आबा खाटेवर बसून होते. दोन शेतकरी बोलवायला आले होते, त्यांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगून परत पाठवलं होतं. बाईंनी दुखवल्याबद्दल माफी मागितली. आबा म्हणाले, “तुमी मले विचारूनच बांधले डोये. मीच हो म्हनलं. पन बाई, माह्याजवय येवढंच होतं.” बाईंना हे बोलणं लागलं. इतकं लागलं, की घरी जाईपर्यंत आपण चुकलो की काय असं त्यांना वाटत राहिलं. पण चूक म्हणजे नेमकी कोणती हे त्यांना सापडेना, आणि जी सापडत नाही ती कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी नूर महंमद मिस्त्री शाळेत आले. हाताला वार्निशचा वास. ते बाईंना बाहेर बोलावून म्हणाले, पोरगी माफी मागेल, मी तिला समजावलंय, तुम्ही आता ताणू नका.

“बाई, मला बठ्ठ्या गावाच्या मोटारी भरायच्या आहेत. उद्या कोणी आलाच नाही दुकानावर, तर तुमचं ‘कशावरून’ मी खाऊ का?”

 बाई म्हणाल्या, तुमची मुलगी आहे, तिनं मागायची की नाही हे तुम्ही दोघं ठरवा, मी आड येणार नाही. पण मी तिला माग म्हणणार नाही, आणि तिनं मागितली तर त्याच प्रार्थनेत मी उभी राहून सांगेन की या मुलीचा प्रश्न बरोबर होता. मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाले, मग तिनं मागून उपयोग काय? आणि निघून गेले. त्या सोमवारी मुमताज शाळेतच आली नाही. आबाही आले नाहीत. नानांनी बोअर होईपर्यंत विषय बाजूला ठेवला.

बोअर खिळ्याच्या जागीच घेतली. अख्खं गाव जमलं. आणि पाणी लागलं. भरपूर लागलं. मशीनवाल्याच्या अंगावर गढूळ पाणी उडालं तशी पोरं नाचली, नारळ फुटले, कोणीतरी आबांना खांद्यावर घेतलं. बाईंच्या अंगावरून जाताना लोक मुद्दाम मोठ्याने विचारत होते, पाणी लागलं म्हणे, कशावरून? बाजारात, गिरणीवर, शाळेच्या फाटकात, पुढे कित्येक दिवस हीच थट्टा चालली.

मी ही गोष्ट सांगायला घेतली तेव्हा एकाने मला सुचवलं, बोअर कोरडी गेली असं लिही, बाई जिंकल्या असं दिसेल. पण तसं झालं नाही. आणि तसं झालं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं. कोरड्या बोअरवर उभं राहून ‘बघा’ म्हणायला फार काही लागत नाही. बाईंना पाण्याने भरलेल्या बोअरवर उभं राहून तेच म्हणायचं होतं.

नानांनी दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेनंतर बाईंना सगळ्यांसमोर पुढे बोलावलं. आता तरी चूक कबूल करा, म्हणाले. ओल्या मातीच्या वासात, नव्या बोअरच्या बाजूला उभ्या राहून बाई बोलल्या.

“पाणी लागलं, मला आनंद आहे. वर्षभर मीच मागत होते. आता एकही मुलगी पाण्यासाठी घरी जाणार नाही. पण पोरांनो, आपला प्रश्न पाणी लागेल का हा नव्हताच. नारळानं कळतं का, हा होता. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं शोधत राहावं. आणि मुमताजचा प्रश्न बरोबर होता.”

मुमताज रांगेत होती. ती वर बघत नव्हती.

मे महिन्यात आदेश आला. संस्थेची दुसरी शाळा पिंपळनेरच्या अलीकडे एका खेड्यात होती, तिथे प्रशासकीय सोयीसाठी बदली. नानांनी आदेशासोबत निरोप पाठवला होता, अजून वेळ आहे, चूक झाली अशा चार ओळी लिहून द्या, आदेश फाडून टाकतो. घरात त्यावर बोलणं झालं. रतिलालभाऊंना केळी सोडून जाता येणं शक्य नव्हतं. पाणी भरणं, बुंध्याशी फुटणारी पिलं कापणं, घड उतरवणं, वर्षातला एक आठवडा मोकळा नाही. म्हणजे बाई एकट्या जाणार.

ते म्हणाले, “पोरगी माफी मांगायले तयार, तिचा बाप तयार, आबा तर घरी बसला. तूच एकटी अडून बसली. लिहून दे ना चार ओयी. कोन वाचते?”

“मी वाचीन,” बाई म्हणाल्या.

 जूनमध्ये रतिलालभाऊंनीच स्टोव्ह, पिंप आणि गादी एसटीच्या टपावर चढवली. फैजपूरहून जळगाव, तिथून धुळे, धुळ्याला गाडी बदलून साक्री, मग पिंपळनेरची गाडी. दिवस मोडला. धुळ्याच्या स्टँडवर भजी खाता खाता ते एवढंच म्हणाले की या ‘कशावरून’पायी मला आता दर दोन महिन्यांनी हे धुळं बघावं लागणार. आणि ते खरंच येतात. अजूनही.

मी बाईंना भेटलो तो तिथे, १९९६ साली. आमची कंपनी तिकडच्या शाळांना, आश्रमशाळांना हातपंप बसवून देत होती. तिकडे खाली सगळा काळा पाषाण. बोअर कोरड्या जाणं ही रोजची बाब. बाई कामाच्या जागी येऊन उभ्या राहिल्या आणि मी जागा कशी ठरवली ते विचारू लागल्या. मी सांगितलं, सर्व्हे झालाय, रिपोर्ट आहे. त्यांनी विचारलं, कशावरून बरोबर? त्या रिपोर्टवर किती बोअर घेतल्या आणि त्यातल्या किती लागल्या? मला माहीत नव्हतं. कंपनीतही कोणाला माहीत नव्हतं, हे मी परत गेल्यावर विचारलं तेव्हा कळलं. बाईंना ते सांगितलं तर त्या हसल्या. तुमचा नारळ छापील आहे, म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांच्याकडे वारंवार जाऊ लागलो, आणि हे सगळं तुकड्या-तुकड्याने ऐकलं.

तिथली मुलं भिल्ल आणि कोकणी आदिवासी, काही अहिराणी बोलणाऱ्या शेतकऱ्यांची. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने त्यांना विचारलं होतं, “बाई, तुम्हले आठे काबर धाडं?” काबर म्हणजे का. बाईंना तो शब्द फार आवडला. त्यांनी मुलांना खरं कारण सांगितलं, सगळं, नारळापासून आदेशापर्यंत. मुख्याध्यापकांनी नाराजी दाखवली, असं मुलांना सांगतात का? बाई म्हणाल्या, विचारलं म्हणून सांगितलं. नानांनी पुढे दोनदा निरोप पाठवला, चार ओळींचा. दुसऱ्या वेळी निरोप आणणाऱ्याला बाईंनी जेवू घातलं आणि कागद कोरा परत दिला.

मुमताजचं विचारलं तर त्या सांगतात, दहावी झाली, भुसावळला दिली. मिस्त्रींचं दुकान चालू आहे. लोक यायचे थांबले नाहीत, केळीला पाणी लागतंच आणि मोटारी जळतातच. आबा वारले. त्यांच्या पुतण्याने नारळ धरला. तो पैसे घेतो. गावात पाण्याची पातळी आता खाली चाललीय, बोअर कोरड्या जायला लागल्यात, आणि लोक म्हणतात पुतण्याच्या हाताला आबांची विद्या नाही. मला वाटलं हे ऐकून बाई खूश असतील. त्या वैतागल्या. म्हणाल्या, बघा, पाणी लागलं तेव्हा नारळाचं कौतुक, नाही लागलं तर हाताचा दोष. नारळ दोन्हीकडून सुटला. आणि हे गाव शाळा शिकलेलं आहे. माझ्याच हाताखालून गेलेली पोरं आता बागायतदार झालीत. शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारता यायला नको का? नाहीतर मग शाळा कशाला, गाईडची छपाई वाढवा.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, बाई, चार ओळी लिहून दिल्या असत्या तर? आज घरी असता. पुढच्या वर्गांना शिकवलं असतं, आणखी मुमताज तयार केल्या असत्या. मला वाटतं हा प्रश्न त्यांना यापूर्वी अनेकांनी विचारला असावा. त्या तयार होत्या. म्हणाल्या, माफी मागून परत वर्गात गेले असते, तर कुठल्या तोंडाने विचारलं असतं ‘कशावरून’? पोरं एकच गोष्ट शिकली असती, की विचारायचं आणि अंगावर आलं की मागे घ्यायचं. ते त्यांना घरी फुकट शिकायला मिळतंच.

 अंगणात मुलं हातपंप दाबत होती, आमचाच. तो लागला होता.

“एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मैदानावर माझा अख्खा वर्ग होता. वर्षभर मी त्यांना रोज विचारायला शिकवत होते. तीन ठिपके सगळ्यांनी पाहिले, आबांची दोन्ही वाक्यं सगळ्यांनी ऐकली. आणि विचारलं एकट्या मुमताजनं. बाकीच्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता, की पडला होता आणि त्यांनी गिळला?”